कोपऱ्यापर्यंत उजेड

[दृश्य: काळोखी खोली. टेबलावर वाकलेला एक दिवा. घड्याळ दुरुस्त करणारे हात.]

या खोलीत एकच दिवा आहे. तोही कॅमेऱ्यासाठी लावलेला नाही, घड्याळातले स्क्रू दिसावेत म्हणून लावलाय. दिव्याखाली दोन हात, चिमटा आणि डोळ्याला लावलेलं भिंग. काकांचा अर्धा चेहरा उजेडात, अर्धा नाही. मागे भिंतीवर घड्याळंच घड्याळं, पण तिथवर उजेड जेमतेम पोचतोय.

मला हे सगळं एका फोटोत हवंय. हात हवेत, चेहरा हवा, भिंतही हवी. आणि खोली एवढीशी, की दोन पावलं मागे सरकलो तर पाठ दाराला टेकते.

आधी नेहमीचा झूम लावून बघितला. २४ मिलिमीटरवर. हा आकडा फोकल लेंग्थचा, जितका लहान तितकी चौकट रुंद. त्याचं छिद्र जास्तीत जास्त उघडतं एफ ४ पर्यंत, आणि एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, ३२०० ठेवला, तरी शटर उघडं ठेवावं लागलं सेकंदाचा पंधरावा हिस्सा. वाइड लेन्समध्ये आपला हात हलल्याचा त्रास कमी जाणवतो, शिवाय कॅमेऱ्यात हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन आहे. त्यामुळे भिंत, टेबल, दिवा सगळं स्वच्छ आलं. पण स्टॅबिलायझेशन माझा हात सांभाळतं, काकांचा नाही. चिमटा हलला आणि फोटोत त्याचा धूर झाला.

[दृश्य: झूम काढून छोटी लेन्स बसवली जाते. खट् असा आवाज.]

आता चौकट तीच, २४ मिलिमीटरचीच, पण लेन्स एफ १.४ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी. एफ ४ वरून २.८, तिथून २, तिथून १.४. तीन पायऱ्या, आणि दर पायरीला उजेड दुप्पट. म्हणजे आठपट. पंधराव्या हिश्श्याचा झाला सव्वाशेवा. चिमटा जागच्या जागी थांबला.

अशा लेन्सला 'फास्ट' म्हणतात, तो शब्द इथून आलाय. लेन्स स्वतः कुठे धावत नाही, ती शटरला धावू देते.

[दृश्य: लेन्स समोरून, अगदी जवळून. आतला उजेडाचा गोल.]

एफच्या आकड्यामागे एक साधा भागाकार आहे. फोकल लेंग्थ भागिले छिद्राचा व्यास. २४ मिलिमीटर आणि १.४, म्हणजे छिद्र साधारण १७ मिलिमीटरचं. लेन्स समोरून डोळ्यांसमोर धरली की आत दिसतो तो गोल एवढाच. ८५ मिलिमीटरच्या १.४ लेन्समध्ये हाच गोल ६१ मिलिमीटरच्या आसपास भरतो. हे कळल्यावर मला वाटलं होतं, की मग वाइड लेन्स फास्ट करणं सोपंच असणार. छिद्र तर एवढंसं! मग समोरची काच एवढी मोठी कशाला?

ही लेन्स आता हळूहळू तिरकी करू. गोल बघत राहा. त्याची फाक होते, मांजराच्या डोळ्यासारखी. २४ मिलिमीटरची नजर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ८४ अंश पसरते. म्हणजे कोपऱ्यातला किरण आत शिरतो तो ४२ अंशांनी तिरका. खिडकीच्या बाजूला उभं राहून बाहेर बघितलं की चौकट आड येते, तसंच हे. त्या तिरक्या किरणालाही वाट मिळावी म्हणून पुढची काच रुंद करावी लागते. तरीही कोपरे अंधारतातच. साध्या भूमितीनं हिशेब केला, तर ४२ अंशांवर मधल्या उजेडाचा जेमतेम ३० टक्के भाग पोचतो. लेन्स घडवणारे त्यातून पुष्कळ काही परत मिळवतात, उरलेलं कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर उजळवतं. मात्र सॉफ्टवेअर कोपरा उजळवतं तेव्हा तिथला दाणाही, म्हणजे खरखरीत ठिपकेही, उजळवतं. रात्रीच्या फोटोत मधोमध गुळगुळीत आणि कडेला खरखरीत दिसतं, त्याचं एक कारण हे.

[दृश्य: जुना एसएलआर कॅमेरा. लेन्स काढलेली. आतला आरसा उचलला जातो, पडतो.]

आणखी एक अडचण होती, ती बरीच वर्षं याच जागी बसून होती. हा आरसा. २४ मिलिमीटरचं साधं भिंग फिल्मपासून २४ मिलिमीटरवर ठेवावं लागेल. पण एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, तिथे आरसा उघडमीट करतो. निकॉनच्या एफ माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या कड्याचं हे नाव) लेन्सची बैठकच फिल्मपासून ४६.५ मिलिमीटरवर आहे. मग जवळ जायचं कसं?

वाट निघाली ती उलटीकडून. १९५० मध्ये फ्रान्समध्ये पिएर आँजेन्यू यांनी एसएलआरसाठी ३५ मिलिमीटर, एफ २.५ ची लेन्स आणली. पुढे किरण पसरवणारी भिंगं, मागे ते गोळा करणारी. टेलिफोटोची, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सची, रचना उलटी करून बसवावी तशी. त्यांनी तिला नाव दिलं 'रेट्रोफोकस', आणि पुढे हे नाव या सगळ्या जातीलाच चिकटलं. लेन्स आरशापासून लांब राहते, तरी फिल्मवर चित्र रुंद पडतं. या सोयीची किंमत म्हणजे जास्त काचा, जास्त वजन, आणि पुढचं-मागचं सारखं नसल्यामुळे उरणारे दोष, जे एकेक करून निस्तरावे लागतात.

१९६७ मध्ये निकॉनने २४ मिलिमीटर एफ २.८ मध्ये एक युक्ती केली. जवळचा फोकस करताना आतल्या भिंगांमधलं अंतरही बदलायचं, म्हणजे जवळच्या फोटोत कडा ढासळत नाहीत. १९७५ मध्ये कॅननची २४ मिलिमीटर एफ १.४ आली, तिच्यात एक भिंग ॲस्फेरिकल होतं. म्हणजे चेंडूचा काप नव्हे, कडेकडे वक्रता बदलत जाणारा पृष्ठभाग. असं भिंग घासणं त्या काळी महाकठीण काम होतं. आज ते साच्यात दाबून बनतं, म्हणून साध्या लेन्समध्येही सापडतं.

ज्यांच्या कॅमेऱ्यात आरसाच नव्हता, त्यांना हा व्याप नव्हता. लायकाची ३५ मिलिमीटर एफ १.४ समिलक्स १९६१ ची, आणि ती मुठीत मावते. पूर्ण उघडली की तिच्यातून उजेडाभोवती धुकं पडतं. भक्त त्याला 'ग्लो' म्हणतात. माझं मत विचाराल तर तो दोषच आहे, पण काही दोष देखणे असतात. लायकानेही २०२२ मध्ये ती लेन्स त्याच धुक्यासकट पुन्हा बनवली.

आता मिररलेसमध्ये आरसा गेलाच. लेन्सची बैठक सेन्सरपासून निकॉन झेडमध्ये १६, सोनी ई मध्ये १८, कॅनन आरएफमध्ये २० मिलिमीटर. फरक हातात जाणवतो. सिग्माची २० मिलिमीटर एफ १.४ एसएलआरसाठी २०१५ मध्ये आली, तेव्हा वजन होतं ९५० ग्रॅम. २०२२ मधली मिररलेससाठीची तीच मापं, साधारण ६३० ग्रॅममध्ये. गळ्यात दिवसभर अडकवून हिंडणाऱ्याला हा आकडा कुठल्याही आलेखापेक्षा लवकर पटतो.

[दृश्य: रात्र. उंचावरून दिसणारे दूरचे दिवे. कॅमेरा तिपाईवर.]

लेन्स घेण्याआधी ती बघायची कशी? विटांच्या भिंतीचे फोटो काढणारे खूप. त्यातून सरळ रेषा वाकतात का ते कळतं, आणि भिंतीचा कंटाळा येतो. मी रात्री दूरचा एक दिवा शोधतो.

तो दिवा मधोमध ठेवायचा, एफ १.४ वर नीट फोकस करायचा, आणि फोकसला हात न लावता कॅमेरा वळवून तोच दिवा वरच्या डाव्या कोपऱ्यात आणायचा. मग उजव्या. मग खालच्या दोन्ही. घरी येऊन चार कोपरे शेजारी शेजारी ठेवायचे.

मधे जो नुसता ठिपका होता, त्याला कोपऱ्यात शेपटी फुटलेली दिसेल. याला कोमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्द केसांचा, धूमकेतूचं इंग्रजी नावही त्याच केसांवरून आलं. आपल्याकडे धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणतात, तिथेही शेंडीच! दोष नेमका तसाच दिसतो. त्यात ॲस्टिग्मॅटिझम हा दुसरा दोष मिसळला की ठिपक्याला दोन बाजूंना पंख येतात, आणि आकाशाच्या फोटोत कोपऱ्याकोपऱ्यात पाखरं उडायला लागतात.

चारही कोपरे सारखेच बिघडलेले असतील, तर तो त्या लेन्सचा स्वभाव. पटला तर घ्या. तीन चांगले आणि एक वाईट असेल, तर मात्र तुमच्या हातातल्या त्या एका लेन्समध्ये कुठलं तरी भिंग तिरकं बसलंय. ती परत करायची. आकडे कितीही सुंदर असोत, ते तुमच्या हातातल्या लेन्सचे नसतात.

[दृश्य: त्याच जागी, आकाशाकडे वळलेला कॅमेरा. तारे.]

तारे टिपणाऱ्यांचं या लेन्सवर उगाच प्रेम नाही. पृथ्वी फिरत असते, म्हणून शटर फार वेळ उघडं ठेवता येत नाही. जुना ठोकताळा असा, की ५०० ला फोकल लेंग्थने भागायचं. २४ ला साधारण २१ सेकंद. आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यातही तारा लांबट होतो, म्हणून मी दहा-बारावर थांबतो. वेळ वाढवता येत नाही, मग उरलं छिद्र. एफ २.८ वर जिथे आयएसओ ६४०० लागतो, तिथे १.४ वर १६०० पुरतो. प्रत्यक्षात बहुतेक जण एक पायरी बंद करून एफ २ वर येतात, म्हणजे पाखरांचे पंख मिटतात. पण एफ २ वर बंद करून येणं वेगळं, आणि एफ २.८ हीच शेवटची पायरी असणं वेगळं.

[दृश्य: दिवस. माणसांच्या पाठीमागचं धूसर दृश्य, वेगवेगळ्या लेन्समधून.]

इथे एक गैरसमज मोडायला हवा. एफ १.४ ऐकलं की लोकांना मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं हवं असतं. ते २४ मिलिमीटरकडून होणार नाही. दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर एफ १.४ वरही साधारण पावणेदोन मीटरपासून २.३ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट राहतं. म्हणजे जवळपास ६० सेंटिमीटर. ८५ मिलिमीटरच्या १.४ वर तेवढ्याच अंतराला हाच पट्टा पाच सेंटिमीटरसुद्धा नसतो, एक डोळा फोकसमध्ये आणि दुसरा नाही, अशी गत.

वाइडमध्ये मागचं वितळत नाही, फक्त एक पाऊल मागे सरकतं. दार दारच दिसतं, माणूस कुठल्या खोलीत बसलाय ते कळतं. मला या लेन्समध्ये आवडतं ते नेमकं हे. ज्यांना मागची खोली नकोच आहे, त्यांनी ८५ घ्यावी आणि सुखात राहावं.

मात्र जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की नाक मोठं होतं. दोष लेन्सवर ढकलला जातो, पण तो अंतराचा आहे. चाळीस सेंटिमीटरवरून कुठल्याही लेन्सने, अगदी नुसत्या डोळ्याने बघितलं तरी नाक कानापेक्षा बरंच जवळ असतं. लेन्सचा खरा अपराध वेगळा. रेषा सरळ ठेवायच्या नादात ती कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. म्हणून घोळक्याच्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या माणसाचं डोकं लांबट येतं, आणि तो फोटो पुन्हा कुणाला दाखवत नाही.

[दृश्य: झूम लेन्सच्या रिंगवर चिकटपट्टी लावली जाते.]

२० घ्यायची, २४, २८ की ३५? फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरवर, त्यांच्या नजरा अनुक्रमे ९४, ८४, ७५ आणि ६३ अंशांच्या. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सर असेल तर २४ ची नजर १६ मध्ये मिळते, ३५ ची २३ मध्ये. पण अंशांवरून काही ठरत नाही. तुमच्याकडे झूम असेल तर तिची रिंग २४ वर आणून चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर तशीच वापरा. नंतर ३५ वर. कुठल्या आठवड्यात तुम्ही जास्त वेळा चडफडलात, ते तुमचं तुम्हाला कळेल. ३५ वाल्याला लोकांपासून थोडं अंतर हवं असतं. २४ वाला घरातल्यासारखा मधे जाऊन उभा राहतो. २० वर नुसतं मधे जाऊन भागत नाही, चौकटीतल्या प्रत्येक कोपऱ्याचं काय करायचं ते ठरवावं लागतं. माझी बहुतेक २० ची चित्रं जमिनीनं भरलेली आहेत.

आणि १.४ ऐवजी १.८ असेल तर? फरक सुमारे दोन तृतीयांश पायरीचा. बहुतेक कामांत तो आयएसओ गिळून टाकतो, आणि लेन्स हलकी येते. १.४ घ्यायची ती ज्याच्या बहुतेक रात्री काळोखात जातात त्यानं. हौस म्हणून घेतली तरी माझी हरकत नाही. मीही तशीच घेतली होती.

[दृश्य: पुन्हा तीच खोली. काका कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात बघताहेत.]

काकांना फोटो दाखवला. मला वाटलं, ते आपले हात बघतील, किंवा चेहरा. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलंच नाही, तसंच पडद्याला लावलं. आणि मागच्या भिंतीवर बोट ठेवलं. फोकसबाहेरचं घड्याळ, काटे मऊसर, पण वेळ वाचता येण्याजोगी.

"हे बंद पडलंय," ते म्हणाले. "कधीपासून कोण जाणे."

ते उठले, स्टुलावर चढले आणि घड्याळ उतरवायला लागले. दिव्याचा उजेड तिथे नावालाच होता. एफ १.४, सेकंदाचा तिसावा हिस्सा.

[दृश्य: स्थिरचित्र. स्टुलावर उभे काका, छातीशी घड्याळ. भिंतीवर त्याच्या जागी गोल, स्वच्छ डाग.]