बटनाच्या जिओत पीक पाहणी येईना

हा फोन नीट बघा. आपल्याकडं सगळे याला बटनाचा जिओ म्हणतात. 2.4 इंचाची स्क्रीन, मधोमध वर-खाली सरकायचं गोल बटन. औसा तालुक्यातल्या एका शेतकरी काकांचा आहे, आकडे पार पुसून गेलेत तरी काकांचा अंगठा बरोबर पाहिजे त्या बटनावर पडतो. 2017 ला हा फोन आला तेव्हा 1500 रुपये डिपॉझिट भरून मिळायचा आणि लोकांच्या अक्षरशः उड्या पडल्या, कारण 4जी, गाणी, व्हिडिओ एवढ्या पैशात दुसरं काही मिळतच नव्हतं. पुढच्या वर्षी, 2018 च्या सप्टेंबरात व्हॉट्सॲप पण आलं, मग तर काय, पुण्याला कामाला गेलेल्या पोरांचे फोटो गावात आईच्या हातात यायला लागले.

आतली सिस्टीम काईओएस. मोझिलानं फायरफॉक्स ओएस काढली होती, 2014 ला भारतात दोन हजाराच्या आसपास तिचे फोन पण आलते, चालले नाहीत, मोझिलानं फोनचा नाद सोडला आणि त्याच कोडवरून पुढं ही काईओएस झाली. यातली ॲप वेबसाइटसारखी बनतात, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये. अँड्रॉइडचं ॲप उचलून यात टाकलं असं होत नाही, सगळं नव्यानं लिहावं लागतं, ते पण टच नसलेल्या स्क्रीनवर चालेल आणि 512 एमबी रॅममध्ये बसेल असं. एवढी मेहनत कोण घेणार? विंडोज फोनच्या मागं तर खुद्द मायक्रोसॉफ्ट होती, तरी 2016 च्या डिसेंबरात पैसे पाठवायचं सरकारी भीम ॲप आलं ते अँड्रॉइडवर, नंतर आयफोनवर, लुमियावाल्यांच्या, म्हणजे विंडोज फोनवाल्यांच्या, वाट्याला आलंच नाही. पण लुमियावाला वैतागून दुसरा फोन घ्यायचा. काकांचं तसं नाही.

आता मेन मुद्द्याला येतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी पिकाची नोंद तलाठी करायचे, आता शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर करायची, ॲप प्ले स्टोअरवरून घ्यायचं, गट नंबर निवडायचा, पीक कुठलं, क्षेत्र किती, पाणी कशाचं ते भरायचं आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. कल्पना चांगलीच आहे, माझ्या पिकाची नोंद मी करीन यात वाईट काय. पण प्ले स्टोअरच नसलेल्या फोनवाल्यानं काय करायचं? काकांच्या फोनात कॅमेरा आहे, नेट आहे, गुगलचा नकाशा पण चालतो. म्हणजे लागणारं सगळं आहे, ॲप तेवढं नाही.

काका काय म्हणतात ऐका. "फोन चांगलाय की, दोन दोन दिस चार्जिंग टिकतंय, पर त्यात ते पाहणीचं येईना गेलंय. मग काय करावं, दुसऱ्याच्या लेकराला हाताला धरून शेताकडं न्यावं लागायलंय."

हे आम्ही 2024 च्या खरिपात शूट केलंय. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, तेवढीच सोय. गल्लीतलं बारावीचं पोरगं, त्याच्याकडं टच फोन, सकाळपासून त्याच्या दारात माणसं. चप्पल हातात घेऊन ही सगळी चिखलातून बांधाबांधानं निघालीत, पहिल्या शेतात फोटो निघाला, दुसऱ्या शेतात रेंज नाही, पोरगं फोन वर धरून धुऱ्यावर फिरतंय आणि मागं काका सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उभे. पोरगं बिचारं नाही म्हणत नाही, पण त्याला क्लास आहे आणि काकांना दर वेळी त्याच्या आईला आधी विचारावं लागतं. स्वतःच्या शेतातलं स्वतःचं सोयाबीन नोंदवायला!

आणि ही नोंद साधी नाही. 2023 च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनला सरकारनं हेक्टरी 5000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर केले तेव्हा आधी बघितलं ते ई-पीक पाहणीत नाव आहे का. ती अट नंतर ढिली केली, पण मधल्या काळात लोकांच्या जिवाला जो घोर लागला तो आम्ही पारावर बसून ऐकलाय.

आम्ही शूट केलं त्याच वर्षी, 25 जून 2024 पासून, काईओएसच्या स्टोअरमधून व्हॉट्सॲप उतरवणं बंद झालं. ज्यांच्याकडं आधीचं होतं त्यांना 2025 च्या सुरुवातीपर्यंतच चालेल असं सांगितलं. फोन धडधाकट, बॅटरी ठीक, अन् आतलं एकेक निघून चाललंय.

माझं स्पष्ट मत आहे, खाजगी कंपनीला नफा बघू द्या, पण सरकारी काम असेल तर ते बटनाच्या फोनवरून झालंच पाहिजे. अवघड नाही. पैशाच्या बाबतीत केलंच ना, मार्च 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं यूपीआय 123पे आणलं, साध्या फोनवरून कॉल करून पैसे पाठवता येतात. तसंच एका नंबरवर फोन लावून गट नंबर आणि पीक सांगता आलं पाहिजे, मराठीत, आणि फोटोसाठी सहाय्यकानं बांधावर यावं.

तोवर काका लातूरला गंजगोलाईकडं जाऊन जुना टच फोन बघून आलेत. दुकानदार चार-पाच हजार म्हणतोय. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, बाजारात तेवढाही मिळंना. म्हणजे क्विंटलभर सोयाबीन तरी या फोनपायी जाणार, आणि काकू म्हणतायत आधी खताची उधारी फेडा.