मार्चमधलं गोदाम

नमस्कार, श्रोतेहो.

परदेशात फायनान्स शिकून परत आलेय म्हटलं की लोक हमखास दोन गोष्टी विचारतात. एक, तिकडेच का नाही राहिलीस? दोन, मग आता कुठला शेअर घेऊ? दुसऱ्या प्रश्नावर मी तोंड उघडत नाही, कारण असा सल्ला द्यायचा धंदा करायला सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी लागते. पहिल्याचं उत्तर मात्र सरळ आहे. मला तिथं नोकरी मिळाली नाही.

मायभूमीची ओढ वगैरे नंतर आठवली. इंग्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षणानंतर दोन वर्षं राहायची मुभा होती. पुढे टिकायचं तर व्हिसा पुरस्कृत करणारी कंपनी हवी. एप्रिल 2024 मध्ये त्या व्हिसासाठीची किमान पगाराची सर्वसाधारण अट 26,200 पौंडांवरून 38,700 वर गेली. नवख्यांना थोडी सवलत होती, पण मुलाखतीत व्हिसाचा विषय निघाला की समोरच्याचा सूरच बदलायचा. मी बॅगा भरल्या.

घरी आईबाबांनी राहतं घर तारण ठेवलेलं. शैक्षणिक कर्जात सहसा शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज काही थांबत नाही, हे जाताना कुणी नीट समजावून सांगत नाही. जुन्या करप्रणालीत राहिलात तर फेडलेल्या व्याजाची आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत नाही. पहिला पगार हातात आला तेव्हा मी त्याचे पौंड करून पाहिले आणि दिवसभर जेवण गेलं नाही. तुम्ही ते करू नका.

नोकरी मुंबईत, एका दलाली पेढीच्या संशोधन विभागात. आधी एनआयएसएम या सेबीच्या शिक्षणसंस्थेची रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षा द्यावी लागली. परदेशी पदवी दाखवून ती चुकत नाही, आणि प्रमाणपत्र तीन वर्षांचंच. मग मिलियनमधून लाख-कोटींत यायला महिना गेला. एकदा एक शून्य जास्त पडलं आणि एका मध्यम कंपनीचा नफा मी दसपट केला. सर काही बोलले नाहीत, नुसतं पेन्सिलीने गोल केलं.

खरी फजिती साखरेनं केली.

शेअर बाजारात नोंदलेल्या एका खासगी साखर कारखान्याचा ताळेबंद माझ्याकडे आला. 31 मार्चचा. साखरेचा साठा डोंगराएवढा, बँकेचं खेळतं कर्ज त्याहून वर. आम्हाला शिकवलेलं की माल पडून राहिला आणि कर्ज फुगलं की कंपनी अडचणीत आहे. मी तसंच लिहिलं. टिपण पाहून सर म्हणाले, "तू सांगलीकडची ना? मग हे कसं लिहिलंस?"

रात्री मामांना फोन केला. मामा वाळवा तालुक्यात ऊस लावतात. ते आधी खूप हसले. "अगं पोरी, दिवाळीच्या सुमाराला धुराडं पेटतं, मार्च-एप्रिलात पट्टा पडतो, गाळप संपतं. सगळ्या हंगामाची साखर मार्चला गोदामात नसेल तर कुठं असेल? मार्चला गोदाम रिकामं दिसलं तर घाबरायचं."

मग एकेक धागा सुटत गेला. उसाचं बिल कायद्याने 14 दिवसांत द्यायचं. दर एफआरपीचा, म्हणजे केंद्राने ठरवलेला. साखर मात्र मनाला येईल तेव्हा विकता येत नाही, 2018 पासून महिन्याचा कोटा सरकार ठरवतं. पैसे आधी जाणार, वर्षभर हळूहळू येणार. मधली खिंड साखर तारण ठेवून भरायची. म्हणून हा ताळेबंद सप्टेंबरचाही बघायचा, नुसता मार्चचा नाही. हे सगळं माझ्या आजोळच्या ओसरीवर रोज बोललं जायचं. मी तेव्हा इंग्रजीची पुस्तकं वाचत बसलेली असायचे.

डॉ. आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला जाऊन शिकले आणि प्रबंध लिहिला तो रुपयाच्या प्रश्नावर. 1923 साली तो पुस्तकरूपाने आला, आणि दोनेक वर्षांत चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्षही दिली. पदवी घेतानाच त्यांनी इथला प्रश्न सोबत नेला होता. मी गेले तेव्हा माझ्या बॅगेत लोणचं होतं.

पण परदेशी शिक्षण वाया गेलं असं मी म्हणणार नाही. संबंधित पक्षांशी, म्हणजे मालकांच्याच दुसऱ्या कंपन्यांशी किंवा नातलगांशी, झालेले व्यवहार ताळेबंदाच्या टिपांत कुठे दडवलेले असतात, रोख आणि कागदावरचा नफा वेगळा कसा काढायचा, आणि मोठ्या माणसाला "हा आकडा कुठून आला?" असं न लाजता विचारायचं, हे मी तिथं शिकले. इथल्या बैठकांत शेवटचं जास्त उपयोगी पडतं.

आता साखरेची फाइल माझ्याकडेच असते. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते. एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला धरून ठरते, त्यामुळे उताऱ्यातला अर्धा टक्काही हिशेब हलवतो. गेल्या डिसेंबरात मामांचा फोन आला. "यंदा तुरा लवकर आलाय बघ." उसाला तुरा, म्हणजे फुलोरा, आला की त्यातली साखर घटते. मी एक्सेल उघडलं, आणखी चार गावांत फोन लावले आणि उताऱ्याचा आकडा 11 वरून साडेदहावर आणला.

सरांनी विचारलं, आधार काय? मी रकान्यात लिहिलं, "उत्पादकांशी चर्चा." त्यांनी पेन्सिल उचलली, थोडं थांबले आणि खाली ठेवली.

नमस्कार.