साडेआठची नोंद

(नागपुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘आपत्ती, विज्ञान आणि अवकाश : सरकारी यंत्रणांचं काम’. एवढं सगळं तासाभरात बसवायचं तर एकेका खात्याच्या वाट्याला दोन-दोन मिनिटं येतील आणि भाषणाचा वार्षिक अहवाल होईल. तसले अहवाल मी बरीच वर्षं लिहिलेत. वाचलेला माणूस अजून भेटायचाय. म्हणून मला जे हाताने माहीत आहे तिथूनच सुरुवात करतो. मी हवामानाच्या नोंदी घेणारा माणूस. अंदाज देणारा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘तुम्ही पाऊस म्हणाला होता, आला नाही’ हे भाषणानंतर चहाच्या वेळी मला ऐकवू नका.

वेधशाळेच्या आवारात हिरवळीवर एक पांढरी लाकडी पेटी उभी असते, माणसाच्या छातीच्या उंचीवर. भिंती झडपांच्या, वारा खेळावा म्हणून. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी आत ऊन पडत नाही. आत चार तापमापक. त्यातल्या एकाच्या फुग्यावर मलमलीचं ओलं फडकं गुंडाळलेलं असतं, हवेतली आर्द्रता त्यावरून काढतात. शेजारी जमिनीत रोवलेलं पर्जन्यमापक. सकाळी साडेआठला त्यातली बाटली काढायची, पाणी मोजपात्रात ओतायचं, खाली वाकून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि आकडा वाचायचा. साडेआठच का? कारण तेव्हा जागतिक वेळेनुसार तीन वाजलेले असतात आणि त्याच क्षणी जगभरातली केंद्रं नोंद घेत असतात. आपण रोज वाचतो तो ‘गेल्या चोवीस तासांतला पाऊस’ कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचा.

नोकरीतलं पहिलंच वर्ष. कुठल्या केंद्रावर होतो ते सोडा. रात्रपाळी, बाहेर मुसळधार, आणि माझा डोळा लागला. धावत गेलो तेव्हा नऊला दहा कमी होते. आकडा वाचला आणि वेळेच्या रकान्यात निमूट साडेआठ लिहिले. आमच्या वरिष्ठांनी रजिस्टर पाहिलं, माझे ओले जोडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘पाऊस तुझ्यासाठी थांबला होता का रे?’’ मग त्यांनी ती नोंद खोडायला लावली आणि खरी वेळ लिहून खाली माझी सही घेतली. रागावले नाहीत. त्याचीच जास्त लाज वाटली. वीस मिनिटांच्या पावसाने काय बिघडतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

ते आता सांगतो.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर मिलिमीटर पडला तर एका चौरस किलोमीटरवर दहा कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरा, उन्हाळ्यात आपल्याला त्याची चांगली ओळख आहे. असे दहा हजार टँकर, एका चौरस किलोमीटरवर. आता तो शंभर मिलिमीटर दिवसभरात रिपरिप पडला की दोन-तीन तासांत कोसळला, यावर नाली पुरणार की नाही हे ठरतं. नाली बांधणाऱ्या इंजिनीअरला ते सांगणार कोण? जुनं रजिस्टर. त्यात वीस मिनिटांचं खोटं असेल तर ते पुढे सिमेंटमध्ये उतरतं.

२०२३ सालची २३ सप्टेंबरची पहाट इथल्या बऱ्याच जणांनी अंगावर घेतलीय. मध्यरात्रीनंतर सुरू झालेल्या पावसाची सोनेगावला पहाटे साडेपाचपर्यंतची नोंद होती १०६ मिलिमीटर. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी रस्त्यावर आली, सीताबर्डीचं मोरभवन बसस्थानक पाण्यात गेलं. अंबाझरी लेआउटमधल्या लोकांना जाग आली ती अंथरुणाला पाणी लागल्यावर. राज्य आपत्ती प्रतिसाद दल, राष्ट्रीय दल आणि कामठीहून लष्कर अशा सगळ्यांच्या नावा शहरात फिरल्या. काम चोख झालं, त्याबद्दल दुमत नाही. तलावातून पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर काय-काय उभं राहिलं होतं, हा प्रश्न मग उच्च न्यायालयात गेला. मी त्यात पडत नाही. एवढंच म्हणतो की नावेचे फोटो छापून येतात आणि नालीच्या मापाचा कधी येत नाही.

त्या पहाटे सुटका झालेल्यांत मूकबधिर शाळेतली चाळीसेक मुलं होती. ही बातमी वाचली आणि मी पेपर खाली ठेवला. आयुष्यभर आम्ही इशारा म्हटलं की भोंगा, लाउडस्पीकर, रेडिओ एवढंच धरून चाललो होतो. त्या मुलांना यातलं काय ऐकू येणार? अंधारात पाणी चढतंय, वीज गेलेली, म्हणजे हातवारेही दिसणार नाहीत. आता मोबाइलच्या टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनवर एकदम इशारा सोडता येतो. त्याला नंबर लागत नाही, लाइन जाम झालेली चालते, आणि फोन वाजतो तसा थरथरतोही. त्याच वर्षी त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा तुमचेही फोन किंचाळले असतील. मला त्या दिवशी तीन नातेवाइकांनी विचारलं, ‘‘हॅक झाला का हो?’’ उशाखाली थरथरणारा फोन कोणाच्या तरी कामी येईल, हे तेव्हा आपल्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

इशाऱ्याचं आणखी एक दुखणं आहे. पिवळा, नारिंगी, लाल. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग सांगतो तो काय करायचं ते. हे खाली पोचतच नाही. उमरेडच्या बाजूला एका म्हातारीने मला सुनावलं होतं, ‘‘पिवळा म्हणून सांगतेत न वावरात गुडघाभर पाणी. मंग लाल काहाले ठेवला, देवाले वाहाले?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. विजेचंही तेच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आजूबाजूला वीस-चाळीस किलोमीटरवर वीज पडत असेल तर सांगतं. विदर्भात दर पावसाळ्यात झाडाखाली आडोशाला उभी राहिलेली माणसं दगावतात. पण निंदण करणाऱ्या बाईचा फोन बांधावरच्या पिशवीत असतो, भाकरीशेजारी. तिच्यापर्यंत मुकादमाची हाक पोचते. मग इशारा त्या मुकादमाला का देत नाही, असं मी एका बैठकीत विचारलं होतं. टिपणीत ते आलं नाही.

आता उपग्रहाकडे येतो, नाहीतर पुढच्या रांगेतली पोरं उठून जातील.

२९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकलं. सरकारी आकड्यानुसार दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला त्याच किनाऱ्यावर, गोपालपूरजवळ, फायलीन आलं. तेही अतितीव्र. या वेळी दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. त्याच वर्षी २६ जुलैला इन्सॅट-३डी उडाला होता, म्हणून लोक सरळ म्हणतात की उपग्रहाने वाचवलं. अर्धं खरं आहे. साधारण ३६,००० किलोमीटरवरून असा उपग्रह आपल्यावरच नजर रोखून असतो, दर अर्ध्या तासाला चित्र देतो. पण १९९९ लाही आकाशात आपला उपग्रह होता, वादळ येतंय हे दिल्लीला आणि भुवनेश्वरला कळलं होतं. किनाऱ्यावरच्या झोपडीतल्या माणसाने जायचं कुठे, हे ठरलेलं नव्हतं. मधल्या चौदा वर्षांत खांबांवर उभे निवारे बांधले गेले, गावागावात कोण कोणाला उठवणार याची यादी झाली, सराव झाले. म्हातारीला कोणी उचलायचं, गाईंचं काय करायचं, इथपर्यंत. यादी करणाऱ्या त्या ग्रामसेवकाच्या नावाने रॉकेट सुटत नाही.

उपग्रहाची एक अडचण ऐका. पूर येतो तेव्हा ढग असतात आणि साधा कॅमेरा ढगाखालचं बघू शकत नाही. ऐन गरजेच्या वेळी चित्र पांढरंफटक. म्हणून रडार लावलेले उपग्रह लागतात, ते स्वतःच लहरी सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी वाचतात. आपला रिसॅट-१ २०१२ चा, ईओएस-०४ २०२२ चा, आणि ३० जुलै २०२५ ला नासाबरोबरचा निसार गेला, बारा मीटरची अँटेनाची छत्री घेऊन. शांत पाणी रडारवर काळं दिसतं, कारण लहर आरशासारखी पलीकडे निसटते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले आणि भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे वैनगंगा पसरली, आठवतं ना? पण काळा डाग पूर आहे की नेहमीचा तलाव, हे ओळखायला पूर नसतानाचा नकाशा लागतो. पुन्हा जुनं रजिस्टर. अमरावती रोडवर इस्रोचं प्रादेशिक दूरसंवेदन केंद्र आहे, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात राज्याचं. अग्निशमन महाविद्यालय आपल्याच गावात, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आपल्याच गावात. आपण त्यांच्या पाट्यांवरून रोज गाडी नेतो.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून जळत्या रेघा गेल्या, तुम्हीही गच्चीवरून पाहिल्या असतील. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला जवळजवळ तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं मोकळ्या जागेत येऊन पडलं. आसपासच्या शिवारांत गोळेही सापडले. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान. इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी रॉकेटच्या टप्प्याचे तुकडे असावेत, असं अभ्यासकांनी काढलं. कसं काढलं? वर फिरणाऱ्या प्रत्येक मोठ्या तुकड्याची कक्षा कोणीतरी रोज लिहून ठेवतं. त्या वहीत त्या संध्याकाळी विदर्भावरून जाणारा आणि खाली येऊ घातलेला तो एक टप्पा सापडला. कडं घरावर पडलं असतं तर भरपाई रॉकेट सोडणाऱ्या देशाने द्यायची, असा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. वही नसती तर बिल कोणाच्या नावाने फाडलं असतं?

नोंद चुकतेही. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. दिवसभर तो आकडा देशभर फिरला, आपल्याला थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोला. मग खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. लोक हसले. मला मात्र ते ओले जोडे आठवले.

शेवटचं सांगतो. वेधशाळेतून पहाटे हायड्रोजनचा मोठा फुगा सोडतात, खाली यंत्राची छोटी डबी लटकवून. तो चढताना फुगत जातो, तिसेक किलोमीटरपर्यंत जाऊन फुटतो आणि डबी कुठल्याही शिवारात पडते. कुहीजवळचा एक शेतकरी अशीच डबी काठीच्या टोकाला बांधून थेट पोलीस ठाण्यात घेऊन गेला होता. बॉम्ब समजून. तिथून फोन फिरत-फिरत माझ्याकडे आला. मी गेलो, डबी उघडून दाखवली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे वरचं मोजता. आमच्या वावरातलं कोण मोजते?’’ सरळ कडांचा तेलाचा रिकामा डबा वरून कापायचा, मोकळ्या जागी ठेवायचा आणि सकाळी आत फूटपट्टी बुडवायची, एवढं मी त्याला दाखवलं.

मी निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. पावसाळ्यात त्याचा फोन येतो, साडेआठच्या ठोक्याला. नमस्कार वगैरे काही नाही. ‘‘बेचाळीस,’’ म्हणतो. ‘‘तुमच्याकडे किती?’’