गाईड मिटून ‘मॅकबेथ’

(दृश्य: कला शाखेचा घुमट, दुपारचं ऊन)

वडोदरा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा, म्हणजे १८८१ सालचं बडोदा कॉलेज. इथे इंग्रजी साहित्य शिकणारी बरीच मराठी मुलं घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलतात. त्यांतली काही जण दांडिया बाजारातल्या एका घरी जमतात. तिथे एक निवृत्त प्राध्यापिका त्यांच्याकडून शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ वाचून घेतात.

पहिली अट, गाईड मिटून ठेवायचं. त्यात मूळ ओळीशेजारी सोपं इंग्रजी छापलेलं असतं. त्यावर कथानक कळतं, पेपरही निघतो. पण हे पात्र हे असंच का बोललं, ते मात्र सापडत नाही. आणि नाटक तर तिथेच असतं!

(दृश्य: उभ्याने वाचणारी मुलं)

दुसरा अंक. मॅकबेथचा सोबती सरदार बँको आपल्या मुलाला विचारतो, रात्र किती झाली? मुलगा म्हणतो, चंद्र मावळलाय, घड्याळाचे टोले काही ऐकले नाहीत. वाचणारे पुढे सरकतात. मॅडम थांबवतात. शेक्सपिअरची नाटकं व्हायची ते लंडनचं ग्लोब नाट्यगृह वरून उघडं होतं, खेळ भर दुपारी व्हायचे. काळोख करायला दिवे मालवायची सोय नव्हती, तो संवादातूनच आणावा लागे. हे कळल्यावर त्याच ओळी म्हणताना मुलांचा आवाज आपोआप खाली येतो.

मग मॅकबेथ राजाचा खून करतो. मॅकबेथ आणि त्याची बायको समोरासमोर.

“तुम्ही बोललात ना?”
“कधी?”
“आत्ता.”
“मी उतरताना?”

मॅडम मूळ इंग्रजी म्हणत टेबलावर ठेका धरतात. चारही उद्गार सलग म्हटले की पद्याची एकच ओळ भरते, वर एक अक्षर उरतं. म्हणजे दोघांच्या बोलण्यात श्वासालाही फट नाही. शाळेत भुजंगप्रयाताचे गण पाडलेल्यांना हे चटकन जमतं. फक्त इथे लघु-गुरू नाही, आघात मोजायचा.

एका मुलाला हे पटत नाही. त्याच्या मते इथे घाबरलेली शांतता हवी. त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील ग्रंथात, असे तुकडे सुटे, डावीकडूनच छापलेत. ते पायऱ्यांसारखे मांडले नंतरच्या संपादकांनी. मग दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघतात. असा वाद झाला की भाषा खरोखर हाती येते. अर्थ नुसता उतरवून घेऊन ती येत नाही.

(दृश्य: पाचव्या अंकाचं पान)

झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ. एक मुलगी ठेका धरू बघते, तो लागतच नाही. आतापर्यंत आपलं बोलणं पद्यात मांडणारी ही बाई इथे गद्यात बोलते.

“तिचा तोल गेलाय, मॅडम.”

“मला वाटतं, आता तिला कुणाला काही पटवायचं उरलेलं नाही,” दुसरी म्हणते.

मॅडम निवाडा देत नाहीत. दोघींनी आपापल्या म्हणण्याप्रमाणे तोच उतारा वाचायचा. आधी पहिली उभी राहते.