ॲरोहेड 135 : पायी निघालेल्यांची वाट

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला असलेले हे इंटरनॅशनल फॉल्स. रेनी नदीच्या पलीकडे कॅनडा सुरू होतो, आणि ‘आइसबॉक्स ऑफ द नेशन’, म्हणजे ‘देशाची बर्फपेटी’, ही ओळख हे गाव अभिमानाने मिरवते. जानेवारीच्या अखेरीस पहाटेच्या काळोखात येथून ॲरोहेड 135 ही शर्यत सुटते. अंतर 135 मैल, म्हणजे सुमारे 217 किलोमीटर, आणि मुदत 60 तासांची. कोणी रुंद टायरच्या सायकलीवर, कोणी स्कीवर, तर कोणी पायी निघतो. सायकलस्वार पाहता पाहता झाडीआड जातात, आणि खरे सांगायचे तर आमच्या कॅमेऱ्यालाही त्यांची फारशी ओढ नव्हती.

पायी जाणाऱ्यांच्या कमरेला जोडलेली ही घसरगाडी म्हणजे पल्क. उणे 29 अंशांत तग धरणारी स्लीपिंग बॅग, अंगाखाली घालायची मॅट, स्टोव्ह, भांडे, काड्यापेटी आणि शिट्टी तिच्यात असावीच लागते. अडकलेल्या माणसापर्यंत मदत पोहोचायला कित्येक तास लागू शकतात. म्हणून 3,000 कॅलरींचे अन्न आणि ठरावीक इंधन शर्यत संपतानाही शिल्लक असले पाहिजे, असा नियम आहे. पीनट बटरची बरणी त्यासाठी सोयीची पडते.

चढाच्या पायथ्याशी थांबून जॅकेट उतरवणारी ही स्पर्धक पाहा. एवढ्या थंडीत कपडे कमी करणे वेडेपणाचे वाटेल. परंतु चढताना आलेला घाम आतल्या कपड्यांत मुरला, की माथ्यावर थांबताच तोच अंगातली ऊब ओढून नेतो. म्हणून ती मुद्दाम सावकाश चढते आणि वर पोहोचताच, श्वास जागेवर येण्याआधी, जॅकेट पुन्हा चढवते. पाण्याच्या पिशवीला जोडलेली पिण्याची नळीही ती जॅकेटच्या आत ठेवते, आणि प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून नळीतले पाणी पिशवीत परत ढकलते, कारण नळीत राहिलेले पाणी लगेच गोठते.

एलिफंट तलावाकाठी साधारण निम्मी वाट सरते आणि गरम सूप मिळते. कडाक्याच्या वर्षी निम्म्याहून अधिक स्पर्धक मध्येच माघार घेतात. काहींच्या बोटांना हिमदंश होतो.

पुढच्या रात्रीचे चित्रण आमच्याकडे नाही. वेकमअप टेकडी उतरल्यावर सपाट, सरळ वाट लागते आणि ती व्हर्मिलियन तलावाकाठच्या फॉर्च्युन बे येथे संपते. येथे आपली स्पर्धक पल्कवरचे आच्छादन सोडते आणि पीनट बटरची बरणी बाहेर काढते. बरणीचे सील अजून तसेच आहे.