तेवीस मोदकांच्या सारख्या ओळी

(गिरगावातल्या एका चाळीच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

बाप्पापुढे एकवीस मोदकांचं ताट आहे. सात-सातच्या तीन ओळी, सुरेख मांडलेल्या. आता त्यात आणखी दोन मोदक ठेवा आणि तेवीस मोदकांच्या सारख्या ओळी करून दाखवा. सगळे एकाच रांगेत लावायचे नाहीत, एवढीच अट. दोन-दोन लावले तर एक उरतो. तीन-तीन लावले तर दोन उरतात. चारच्या ओळी करा, पाचच्या करा, तीन उरतातच. मांडणारी कितीही हुशार असो, जमत नाही. आज माझा प्रश्न असा आहे, की हे ज्याच्यापुढे ताट ठेवलंय त्याला तरी जमेल का?

जमेल म्हणालात तर तेवीस ही मूळ संख्या आहे हे सत्य त्याच्या मर्जीवर चालतं. जमणार नाही म्हणालात तर ज्याला आपण सर्वसत्ताधीश म्हणतो त्याच्यावरही कशाचा तरी अंमल चालतो. मी आयुष्यभर गणित शिकवलं आणि मी देव मानतो. त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही.

आधी संख्या म्हणजे कसली वस्तू ते बघू. मोदक खाऊन संपतील, तेवीस संपत नाही. तो कुठे ठेवलेला नाही, तो कधी सुरू झाला नाही, त्याला धक्का लागत नाही. तत्त्वज्ञ अशा वस्तूंना अमूर्त म्हणतात. संख्या, आकृती, गुणधर्म, विधानं हे सगळं त्यात येतं. आता यांना अस्तित्व आहे असं मानलं, तर ती कोणी घडवली? इसवी सन ३२५ मध्ये निकाया इथे ख्रिस्ती धर्मसभेने जो श्रद्धेचा मसुदा ठरवला, त्यात देव हा दृश्य आणि अदृश्य अशा सर्वांचा कर्ता आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. त्या ‘अदृश्य’मध्ये तेवीस बसतो का, यावर पाश्चात्त्य विचारवंत अजून वाद घालतात, आणि तो वाद पोरकट नाही.

अमूर्त म्हणजे अनादीच, अशी एक समजूत असते. ती बरोबर नाही. मघाशी आरती झाली. कोणीतरी ‘संकष्टी पावावे’ म्हटलं आणि शेजारच्या आजींनी लगेच ‘संकटी’ म्हणून दुरुस्त केलं. दुरुस्त केलं ते कशाशी ताडून? छापील पुस्तकाशी नव्हे, पुस्तकातही चूक असू शकते. या घटकेला मुंबईत शेकडो मंडपांत हीच आरती चालू असेल, कुठे द्रुत, कुठे भसाड्या आवाजात, तरी आरती एकच. पुस्तकं जाळली तरी ती जळत नाही. म्हणजे आरतीही अमूर्तच. पण परंपरा ती समर्थ रामदासांची मानते. म्हणजे सतराव्या शतकाआधी ती नव्हती. अमूर्त वस्तूला कर्ता असू शकतो, एवढं यातून मिळालं. पण तेवीसला हे लागू होतं का? रामदासांच्या आधी तेवीस मूळ होता, मोजणारं कोणी पृथ्वीवर नव्हतं तेव्हाही होता. आरतीसारखी त्याची जन्मवेळ सांगता येत नाही.

यातून सुटायचा सगळ्यांत सरळ मार्ग म्हणजे संख्या नाहीतच असं म्हणणं. म्हणजे घडवण्याचा प्रश्नच मिटला. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग याच वाटेने जातात. ते कट्टर ईश्वरवादी आहेत, म्हणूनच ईश्वराखेरीज दुसरं काही अनिर्मित असणं त्यांना खपत नाही. अडचण अशी, की वांद्रे-वरळी सेतूच्या तारांवर किती ताण येईल याचं गणित संख्यांशिवाय होत नाही, आणि ते गणित खरं ठरलं म्हणून आपण त्यावरून गाडी नेतो. विज्ञान ज्यांच्याशिवाय चालत नाही त्यांना अस्तित्व द्यावंच लागेल, असा मुद्दा विसाव्या शतकात अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइनने लावून धरला. त्याला उत्तर म्हणून १९८० मध्ये तत्त्वज्ञ हार्ट्री फील्डने न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत एकही संख्या न वापरता मांडून दाखवायचा खटाटोप केला. खटाटोप थोर आहे. पण देवाचा मान राखण्यासाठी तेवीसचा बळी द्यायला माझं मन धजत नाही. ज्या सत्याबद्दल मला सर्वाधिक खात्री आहे ते सोयीची कल्पना ठरवायचं, तर मग श्रद्धेतल्या कुठल्या सत्यावर मी बोट ठेवू?

दुसरी वाट फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची. १६३० साली त्याने आपला विद्वान मित्र मर्सेन याला लिहिलेल्या पत्रांत म्हटलं, की राजा राज्यात कायदे घालतो तशी गणिताची सत्यं देवाने घालून दिली आहेत. ती देवावर अवलंबून नाहीत असं म्हणणं म्हणजे देवाला ग्रीकांच्या देवांसारखं दैवाचं ताबेदार करणं. वर्तुळाच्या सगळ्या त्रिज्या सारख्या नसाव्यात असंही देव करू शकला असता, इथवर तो गेला. ऐकायला ही भक्ती वाटते. मला ती भक्तीच्या मुळावर येणारी वाटते. मंगळवारी पहाटे सिद्धिविनायकाच्या रांगेत उभा असलेला माणूस कशाच्या भरवशावर उभा असतो? देवाने शब्द दिला तर तो पाळेल, या भरवशावर. पण ‘पाळला’ आणि ‘पाळला नाही’ ही दोन्ही एकाच वेळी खरी करणं ज्याच्या मर्जीत आहे, त्याच्या शब्दाला अर्थच काय उरला? विसंगती देवालाही करता येत नाही, म्हणून तर त्याच्यावर विसंबता येतं. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्नित्सने हे ओळखलं होतं. त्याचं म्हणणं असं, की चिरंतन सत्यं देवाच्या इच्छेवर नव्हे, देवाच्या ज्ञानावर टिकून आहेत. त्याच्याही हजारपेक्षा जास्त वर्षं आधी ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने प्लेटोचे आदिनमुने, म्हणजे वस्तू ज्यांच्यासारख्या असतात ती मूळ अमूर्त रूपं, देवाच्या बुद्धीत नेऊन ठेवले होते.

आता आपल्याकडे येऊ. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण हे मुंबईतल्या मराठी सभेत फारसं सांगितलं जात नाही.

वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी शब्द नित्य मानला, वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेला मानला, आणि जग निर्माण करणारा ईश्वर मात्र मानला नाही. म्हणजे अमूर्त आहे, देव नाही. बौद्ध तार्किकांनी सामान्य, म्हणजे सगळ्या गायींत समान असलेलं ‘गोत्व’ वगैरे जाती, आणि ईश्वर, दोन्ही नाकारलं. न्याय आणि वैशेषिक या जोडीच्या दर्शनांनी दोन्ही मान्य केलं, आणि त्यांना त्यात कसलाही संकोच वाटला नाही. त्यांचा ईश्वर कुंभारासारखा आहे. कुंभार माती निर्माण करत नाही. परमाणू, आकाश, काल, आत्मे नित्य आहेत. सामान्यही नित्य आहे. ईश्वर या सगळ्यांचा कर्ता नाही, यांच्यापासून होणाऱ्या जगाचा कर्ता आहे. निकायाच्या सभेला हे ऐकवलं असतं तर गहजब झाला असता.

पण संख्येबद्दल त्यांचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते विलक्षण आहे. वैशेषिक संख्येला गुण मानतात. नित्य वस्तूतलं एकत्व नित्य. पण दोनपासून पुढच्या संख्या उत्पन्न होतात, आणि त्या ‘अपेक्षाबुद्धी’मुळे उत्पन्न होतात. ‘हा एक, हा एक’ असं कोणीतरी जाणलं की त्या दोहोंत द्वित्व येतं. जाणणारा नसेल तर द्वित्व नाही. आता मिथिलेचा नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा पंडित, उदयनाचार्य बघा. दहाव्या-अकराव्या शतकातला माणूस. न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीच्या हेतूंची यादी एका श्लोकात देताना तो शेवटी म्हणतो, ‘संख्याविशेषाच्च’. संख्येवरूनही ईश्वर सिद्ध होतो!

कसा? दोन परमाणू मिळून द्व्यणुक, म्हणजे दोन परमाणूंची जोडी होते. त्या द्व्यणुकाचा आकार कुठून येतो? परमाणूच्या आकारातून येऊ शकत नाही, कारण आकारातून त्याच जातीचा, आणखी वाढलेला आकार होतो. मोठ्यातून आणखी मोठा, तसा सूक्ष्मातून आणखी सूक्ष्म, आणि परमाणूहून सूक्ष्म काही नाहीच. मग तो परमाणूंच्या ‘दोन’पणातून येतो. पण ते दोनपण कोणाच्या अपेक्षाबुद्धीने आलं? सृष्टीच्या आरंभी तर मोजणारा एकही जीव देह धरून नव्हता. म्हणून ईश्वराने मोजलं. मला हा युक्तिवाद वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. परमाणूंचं शास्त्र आता बदललं आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पण संख्या जाणिवेवर टिकते आणि सगळ्यांच्या आधीची जाणीव ईश्वराची, हा त्याचा गाभा ऑगस्टीनच्या वाटेला येऊन मिळतो. त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

उदयनाची एक आख्यायिका आहे. पुरीला जगन्नाथाचं दार उघडेना तेव्हा तो देवालाच म्हणाला, ‘ऐश्वर्याच्या मदात माझी अवज्ञा करतोस, पण बौद्ध समोर उभे राहतील तेव्हा तुझी स्थिती माझ्या अधीन आहे.’ कोण कोणावर अवलंबून, हा प्रश्न त्याच्या हाडीमांसी खिळला होता!

मग माझं मत काय? मला उदयन प्रिय आहे, तरी मी त्याच्याबरोबर शेवटपर्यंत जात नाही. ईश्वराने जाणलं म्हणून तेवीस मूळ झाला, की तेवीस मूळ आहे म्हणून ईश्वराने ते तसं जाणलं? पहिलं म्हटलं तर आपण देकार्तच्या जवळ सरकतो. दुसरं म्हटलं तर जाणिवेने काही निर्माण केलं नाही. मला दुसरं पटतं. ईश्वराने संख्या घडवल्या नाहीत आणि त्यामुळे त्याच्या थोरवीत तसूभरही उणेपणा येत नाही. घडवणं म्हणजे जे नसू शकलं असतं ते असावं असं करणं. तानसा, वैतरणा भरू दे अशी प्रार्थना मुंबईकर करतो, कारण पाऊस पडणं आणि न पडणं दोन्ही शक्य आहे. मुलाचा ताप उतरू दे म्हणतो, कारण तो न उतरण्याची भीती खरी असते. तेवीसला तीनने भाग जाऊ दे अशी प्रार्थना कोणीही करत नाही, आणि त्यात श्रद्धेची कमतरता नसते. नसणं जिथे शक्यच नाही, तिथे कर्त्याला काम नाही. शिवाय संख्या देवाची प्रतिस्पर्धी नाही. ती काही करत नाही, कोणाला तारत नाही, कोणाला मारत नाही.

एक चिठ्ठी आली आहे, आणि तिने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. वाचतो: ‘संख्या सोडा. सर्वज्ञता, करुणा हे गुणही अमूर्तच ना? मग देव देव असायला त्या गुणांवर अवलंबून राहतो, त्याचं काय?’ हाच प्रश्न अमेरिकन तत्त्वज्ञ अॅल्विन प्लँटिंगाने १९८० मध्ये ईश्वराला स्वभाव आहे का, या नावाने मांडला. न्यायाच्या भाषेत तो आणखी टोचतो. ईश्वराचं ज्ञान हा गुण, त्यात ‘ज्ञानत्व’ ही जाती, ती नित्य, आणि ती त्याने केलेली नाही. अद्वैती म्हणेल, ब्रह्म निर्गुण आहे, तिथे गुण आणि गुणी असे दोन नाहीतच. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत थॉमस अक्वायनसचं उत्तर याच्या जवळ जातं: देव आणि देवाचं चांगुलपण वेगळं नाही. यात अडचण सुटते, पण करुणा आणि सर्वज्ञता एकच म्हणावी लागतात, आणि ज्याला हाक मारायची त्याच्याबद्दल काही बोलायची सोय राहत नाही. मी रामानुजांच्या बाजूने, सगुणाच्या बाजूने आहे. म्हणून मला हे ओझं उचलावंच लागतं. माझं उत्तर असं: करुणा हा गुण देवाने करुण असण्याचं कारण नाही. तो करुण आहे, या एकाच गोष्टीचं ते दुसरं वर्णन आहे. आधी गुण तयार, मग देवाने तो अंगीकारला, असा क्रम लावला तरच परावलंबन येतं, आणि तो क्रम लावायला आपल्याकडे काही आधार नाही. हे उत्तर ज्ञानत्वासारख्या जातीला पुरतं का? मला वाटतं, तिथे नैयायिकाला माझ्याहून अधिक सांगावं लागेल, कारण जातीला स्वतंत्र पदार्थ त्याने मानलं आहे, मी नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याने थांबावं, मला त्यांच्याशी यावर आणखी बोलायचं आहे.