ऑनलाइन लिलावातला तुमचा मुखत्यार

नमस्कार, श्रोतेहो.

ऑनलाइन लिलावात तुम्ही एखाद्या वस्तूवर बोली लावता, बटण दाबता आणि पापणी लवायच्या आत उत्तर येतं: 'तुमच्यापेक्षा मोठी बोली आधीच आहे.' आपल्याला वाटतं, पलीकडे कुणीतरी टपूनच बसलंय. तसं नसतं. तो गृहस्थ तेव्हा कदाचित गाढ झोपेत असेल. त्याच्या वतीने बोली लावतंय ते संकेतस्थळाचं यंत्र. यालाच स्वयंचलित बोली किंवा ऑटो-बिड म्हणतात. ईबेसारख्या संकेतस्थळांवर लिलाव चालतो तो याच पद्धतीने.

एक उदाहरण घेऊ. लिलाव 100 पासून सुरू होतो आणि प्रत्येक बोली किमान 10 ने वाढली पाहिजे. तुम्ही यंत्राला तुमचा कमाल आकडा सांगता, समजा 1000. तो फक्त यंत्राला ठाऊक. बाकीच्यांना दिसतात फक्त 100. आता दुसऱ्या कुणी 400 भरले. यंत्र लगेच तुमच्या नावावर 410 लावतं आणि थांबतं. तिसरा 700 पर्यंत आला, तर तुमची बोली होते 710. पुढे कुणीच आलं नाही, तर वस्तू तुम्हाला 710 ला मिळते. हजार म्हटले म्हणून हजार जात नाहीत.

आता गंमत बघा. कुणी 995 भरले तर? नियमाने 1005 व्हायला हवेत, पण तुमची मर्यादा हजाराची. मग किंमत 1000 वर थांबते आणि वस्तू तुमचीच राहते. कुणी नेमके 1000 भरले तरी जिंकता तुम्हीच, कारण बरोबरी झाली की आधी सांगणाऱ्याचा मान.

म्हणजे किंमत ठरवतो तुमच्या मागचा, दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. ही कल्पना इंटरनेटची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोस्टाच्या तिकिटांच्या लिलावात लांबचे ग्राहक पत्राने कमाल बोली कळवत, तेव्हाही असा हिशोब चाले. 1961 मध्ये विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञांनी त्यामागचं गणित मांडलं: दुसऱ्याच्या बोलीइतकंच द्यायचं असेल, तर आपला खरा आकडा सांगण्यातच हित आहे. कमी सांगून किंमत घटत नाही, फक्त वस्तू हातची जाते. 1996 मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते वारले.

गणित एवढं सरळ, पण माणसं तशी वागत नाहीत. थोडी बोली लावायची, मागे पडलो की ईर्ष्येने पुन्हा वाढवायची. आणि काही पक्के खेळाडू तर शेवटच्या पाच-दहा सेकंदांत येऊन बोली मारतात. याला स्नाइपिंग म्हणतात. अनेकांना ही लबाडी वाटते. मला नाही वाटत. हप्त्याहप्त्याने वाढवणाऱ्याला विचार करायला वेळच मिळू नये, एवढाच त्यांचा डाव. खरा कमाल आकडा आधीच भरून ठेवणाऱ्याचं ते काय बिघडवणार? त्याहून जास्त देणारा आला, तर वस्तू त्याला जाणं रास्तच. काही संकेतस्थळं शेवटच्या मिनिटांत बोली आली की मुदतच वाढवतात, मग ही युक्ती बोथट होते.

खरी लबाडी निराळी. विक्रेत्याचाच माणूस खोट्या बोली लावत तुमच्या कमाल आकड्याच्या जवळ किंमत नेऊन ठेवतो. याला बंदी असते, पण दरवेळी पकडला जातोच असं नाही. तिथे यंत्र तुम्हाला वाचवत नाही. उलट इमानाने वर चढत राहतं. म्हणून भरायचा आकडा तोच, जो पूर्ण द्यावा लागला तरी मन खाणार नाही. आणि हो, पाठवणावळ आणि काही ठिकाणी खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन बोलीत धरलेलं नसतं. तेवढं आधी वजा करा, मगच यंत्राला आकडा सांगा.

नमस्कार.